द्राक्षबागेतून एमएसडब्ल्यूकडे: समाजकार्यात खरंच करिअर होतं का? (नाशिक)

द्राक्षवेल | १२ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी दिंडोरी तालुक्यातली, वय २४. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केलं आणि दोन वर्षं एका फळप्रक्रिया कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. पगार अठरा हजार, न्यायला-आणायला कंपनीची बस, काम सावलीतलं. आई म्हणते, मुलीच्या जातीला आणखी काय पाहिजे!

घरची साडेचार एकर द्राक्षबाग आहे. दिवाळीनंतर सुरगाणा-पेठकडची मजुरांची टोळी येते आणि होळीच्या तोंडावर परत जाते. हे मी लहानपणापासून बघतेय, त्यामुळे खरं तर बघतच नव्हते. मागच्या वर्षी टोळीत एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. दिवसभर धाकट्या भावाला कडेवर घेऊन बागेच्या कडेला उभी असायची. मी तिला रविवारी अक्षरं शिकवायला लागले. तीन रविवार आली. चौथ्या रविवारी टोळी दुसऱ्या बागेत गेलेली होती. कुठल्या बागेत, ते मुकादमाला माहीत आणि त्याचा फोन बंद.

तेव्हापासून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायचं डोक्यात आहे. वडील म्हणतात, "समाजसेवा करायला डिग्री कशाला? आधी चार पैसे कमव, मग कर समाजसेवा." त्यांना उत्तर देता आलं नाही. दोन वर्षं शिकून नेमकं काय येतं? सायन्सवालीला प्रवेश मिळतो का? नाशिकमध्येच करावं की मुंबई-पुण्याला जावं? आणि शेवटी पोट भरतं का? लाजलज्जा सोडून विचारतेय.

मोरपीस | १२ जानेवारी, रात्री १०.०५

वाचनखूण साठवली. माझ्या भाचीचाही हाच प्रश्न आहे.

सरळमार्गी | १२ जानेवारी, रात्री १०.३१

तुमचे वडील बरोबर बोलतात. बाबा आमट्यांनी कुठे एमएसडब्ल्यू केलं होतं? ते वकील होते. ज्याच्या पोटात कळवळा आहे त्याला सेमिस्टर लागत नाहीत, आणि ज्याच्या नाही त्याला चार सेमिस्टरमध्ये येत नाही. डिग्रीवाले समाजसेवक फक्त प्रस्ताव लिहितात आणि हॉटेलात कार्यशाळा घेतात. राग मानू नका, पाहिलंय म्हणून लिहिलं.

जुनंसीबीएस | १३ जानेवारी, सकाळी ७.१५

सरळमार्गी, बाबा आमटे वकील होते हे खरं. पण कुष्ठरुग्णांसाठी काम करायचं ठरल्यावर ते कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं रीतसर शिक्षण घेऊन आले, हा भाग लोक विसरतात. गडचिरोलीला जाण्याआधी डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले. कळवळा असलेली माणसं शिकायला कमीपणा मानत नाहीत, एवढंच म्हणतो.

आता द्राक्षवेलसाठी. मी सरकारी रुग्णालयातून समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) म्हणून निवृत्त झालो. लोक विचारायचे, "म्हणजे तुम्ही डॉक्टर की क्लार्क?" मी म्हणायचो, दोघांच्या मधल्या बाकावर बसतो तो. हे पद आपल्याकडे जुनं आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला. तरी आजही निम्म्या डॉक्टरांना आमचं काम म्हणजे बेवारस रुग्णाची सोय लावणं, एवढंच माहीत असतं.

शिकून काय येतं, ते एका रुग्णावरून सांगतो. पेठकडचा माणूस, क्षयरोग, औषध मध्येच सोडून तिसऱ्यांदा आलेला. केसपेपरवर लिहिलेलं, "रुग्ण सहकार्य करत नाही." डॉक्टर रागावले होते आणि त्यांचा राग गैर नव्हता, अर्धवट औषधाने जंतू निबर होतो. मी त्याला ओपीडीच्या मागच्या कट्ट्यावर घेऊन बसलो. पहिला अर्धा तास तो पावसाबद्दल बोलला. मग म्हणाला, "गोळ्या खाल्ल्या की भूक खवळती साहेब. मग पोरांच्या वाटची भाकर खावी लागती." म्हणून तो गोळ्याच बंद करायचा. यात अडाणीपणा कुठेच नव्हता, बापाने केलेला हिशेब होता. पुढचं काम कंटाळवाणं: रेशनकार्डात नाव चढवणं, धान्याची सोय, आणि तो ज्या गावी द्राक्षाच्या कामाला जायचा तिथल्या आरोग्य केंद्रात औषध हलवणं. तेव्हा निक्षय पोषण योजना नव्हती. २०१८ पासून क्षयरुग्णाला आहारासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले, आता १,००० झालेत. त्या माणसाचा कोर्स पूर्ण झाला.

तुम्ही म्हणाल, यात शिकायचं काय, कुणीही विचारलं असतं. पण कुणी विचारलं नव्हतं ना! आणि मीही शिकण्याआधी विचारलं नसतं. एमएसडब्ल्यूच्या पहिल्या महिन्यातल्या माझ्या क्षेत्रकार्याच्या (म्हणजे वस्तीत, संस्थेत जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामाच्या) अहवालात मी लिहिलं होतं, "कुटुंब गरीब व अज्ञानी आहे." आमच्या बाईंनी 'अज्ञानी'भोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, "कशाबद्दल? कुणाच्या मते?" चाळीस वर्षं झाली, तो लाल गोल अजून डोळ्यांपुढे आहे. दोन वर्षांत खरं शिक्षण हेच. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य, त्याचा अहवाल, आणि मार्गदर्शकासमोर बसून त्या अहवालाची चिरफाड. त्याला मुलं 'आयसी' (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात. बाकी पेपर वाचून पास होता येतं.

द्राक्षवेल | १३ जानेवारी, रात्री ९.१०

काका, वाचून गप्पच झाले. त्या मुलीला मी अक्षरं शिकवायला घेतली, पण तिला काय हवंय हे एकदाही विचारलं नाही, हे आत्ता कळतंय. कॉलेजबद्दल कुणी सांगेल का?

वडाचीसावली | १३ जानेवारी, रात्री ११.२०

मी सांगते. पंधरा वर्षं संस्थांमध्ये काढलीत, सध्या एका प्रकल्पाची समन्वयक आहे.

आधी प्रवेशाचं. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला एमएसडब्ल्यू करता येतं, सायन्सचं काही आडवं येत नाही. उलट तुझं मायक्रोबायोलॉजी आरोग्याच्या कामात उपयोगी पडेल.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात १९३६ साली मुंबईत झाली. नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा ट्रस्टने शाळा काढली, तीच आजची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था). तिथे आता सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा फॉर्म भरायची मुदत अशीच थंडीत येऊन जाते, तेव्हा तारखा आजच बघ. मुंबईतलं देवनार सोडून टिसचा तुळजापूरलाही परिसर आहे, तिथे ग्रामीण भागावर जोर. मुंबईत निर्मला निकेतन (१९५५), पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था (१९६३), दोन्ही जुनी आणि नाव असलेली. नाशिकमध्ये मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक समाजाचं) समाजकार्य महाविद्यालय आहे. नोकरी सोडायची नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं दूरशिक्षणातलं एमएसडब्ल्यू आहे. त्यातही क्षेत्रकार्य करावंच लागतं, पण तुझ्या अहवालावर लाल गोल काढायला कोण बसणार, याची चौकशी आधी कर.

आता मुद्द्याचं. कॉलेज निवडताना इमारत, नाव, 'प्लेसमेंट'ची पाटी बघू नकोस. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना कँटीनमध्ये गाठ आणि विचार: या वर्षी क्षेत्रकार्याला कुठे होतीस? सरांनी तिथे कितीदा भेट दिली? अहवाल परत येतो का आणि त्यावर काही लिहिलेलं असतं का? बस्स. माझ्या कॉलेजने (नाव नको) आम्हा आठ जणांना एकाच कार्यालयात टाकलं होतं. वर्षभर आम्ही फायलींना नंबर दिले आणि कार्यक्रमात सतरंज्या उचलल्या. अहवाल मात्र सगळ्यांचे सुंदर, कारण सगळ्यांनी एकाच सीनियरचे उतरवलेले! दुसऱ्या वर्षी मी हट्टाने बदलून घेतलं. नाशिकमधल्या उंटवाडीच्या मुलांच्या निरीक्षणगृहात गेले आणि तिथे मुलांशी बोलताना घाम फुटला तेव्हा कळलं की पहिलं वर्ष वाया गेलंय.

मुंबईला परवडत असेल तर जरूर जा, शिकवणारे आणि सोबतचे विद्यार्थी यांनी नजर रुंदावते. पण नाशिकला कमी लेखू नकोस. एका जिल्ह्यात आदिवासी तालुके, मालेगावचे यंत्रमाग, सातपूर-अंबडची कारखानदारी, गोदाघाटावर राहणारी माणसं, मध्यवर्ती कारागृह, आणि राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय. क्षेत्रकार्याला याहून काय पाहिजे?

गंगापूररोड | १४ जानेवारी, सकाळी ८.०२

त्यात आता पुढचा कुंभ. घाटावरच्या माणसांना तेव्हा कुठे हलवतात, यावर कुणीतरी प्रबंध करायला हवा. अवांतराबद्दल क्षमस्व. तिळगूळ घ्या!

अंबडकर | १४ जानेवारी, दुपारी १.४५

एक बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. एमएसडब्ल्यूची बरीच मुलं शेवटी माझ्यासारखी कारखान्यात जातात. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे ५०० किंवा जास्त कामगार असले की कामगार कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक झालं, आणि महाराष्ट्रात त्या पदासाठी समाजकार्याची पदवी चालते. त्या वाटेने आम्ही कंपन्यांत शिरलो. आता कामगार संहिता आल्यात, नियम बदलतायत, तेव्हा ताजं वाचून घ्या.

संस्थेत गेलेले मित्र आम्हाला 'विकले गेलेले' म्हणतात. म्हणू देत. कँटीनमधल्या कंत्राटी पोरांना सुरक्षा बूट मिळवून द्यायला मला सात महिने लागले. तेही समाजकार्यच होतं, फक्त खांद्याला शबनम पिशवी नव्हती. पगार संस्थेपेक्षा बरा. पण झोप कमी, कारण दोन्हीकडून शिव्या.

कोकणा_पोर | १४ जानेवारी, रात्री १०.५०

मी सुरगाण्याचा. समाजकार्यात पदव्युत्तर केलंय, सध्या पेठ-सुरगाण्यात वनहक्क आणि रोजगार हमीवर काम करतो. माझे आईबाप तीस वर्षं दिंडोरी-निफाडच्या बागांत येत होते, मीही आलोय. गिरणारेच्या मजूर नाक्यावर सकाळी सहाला उभा राहिलोय. तेव्हा ताई, हा धागा मी जरा वेगळ्या बाजूने वाचतोय.

आमच्याकडे याला 'जगायला जाणं' म्हणतात. 'स्थलांतर' हा शब्द रिपोर्टातला. भात कापून झाला की घरात काही उरत नाही, म्हणून माणसं जगायला जातात.

तुम्हाला त्या मुलीचं वाईट वाटलं, चांगलं आहे. पण ती मुलगी तुमच्याच बागेच्या कडेला उभी होती. तिचे आईबाप राहायचे ते शेड कसं आहे? संडास आहे? मुकादमाला उचल (आगाऊ रक्कम) किती दिली आणि बाईच्या हातात रोजाचे किती पडले, हे वहीत आहे का? एमएसडब्ल्यूचा फॉर्म भरायच्या आधी हे बघा. त्याला फी लागत नाही.

कडू वाटलं तर माफ करा. पण शहरातून शिबिराला येणारी मुलंमुली दरवर्षी बघतो. सात दिवस राहतात, पथनाट्य करतात, पोरांना चॉकलेटं वाटून फोटो काढतात आणि आम्हाला व्यसनमुक्तीवर भाषण देऊन जातात. पाड्यावरची म्हातारी विचारते, "ही परत कंदी येणार?" मी काय सांगू?

सरळमार्गी | १४ जानेवारी, रात्री ११.१५

बघा! मी काय म्हणत होतो? डिग्रीवाले फोटो काढतात.

कोकणा_पोर | १४ जानेवारी, रात्री ११.२८

सरळमार्गी, मी पण डिग्रीवालाच आहे. माझ्या पाड्यावर कळवळा घेऊन येणारे खूप होते. २००६चा वनहक्क कायदा वाचून, जीपीएसने मोजणी करून, दावा नीट भरून देणारं कोणी नव्हतं. कळवळ्याने सातबारा निघत नाही.

सरळमार्गी | १४ जानेवारी, रात्री ११.४०

हे मान्य. गप्प बसतो.

जुनंसीबीएस | १५ जानेवारी, सकाळी ६.५०

सरळमार्गींनी 'मान्य' लिहिलं, हा धागा जपून ठेवा!

कोकणा_पोर म्हणतात त्याला एक नाशिकची जोड देतो. द्राक्षवेल, तुमच्याच तालुक्यातलं आंबे हे बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांचं गाव. २ मार्च १९३० ला पंचवटीतल्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षं चालला. बाबासाहेबांचं नेतृत्व होतंच, पण रोज माणसं जमवणं, त्यांच्या भाकरीची सोय, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी चौकशी, दगड खाल्लेल्यांना धीर, ही इथली जबाबदारी दादासाहेबांसारख्यांनी उचलली. अभ्यासक्रमात 'समुदाय संघटन' आणि 'सामाजिक कृती' असे दोन शब्द येतील. ते परदेशी पुस्तकातले वाटले तर पंचवटीत जाऊन उभे राहा.

द्राक्षवेल | १५ जानेवारी, रात्री १०.००

कोकणा_पोर दादा, कडू लागलं. काल रात्री झोप नाही आली. घरी अजून काही बोलले नाहीये. थोडे दिवस द्या.

मोरपीस | १६ जानेवारी, दुपारी १२.२०

सरकारी नोकऱ्यांचं कुणी लिहील का? आणि पगाराचं स्पष्ट? भाचीच्या आईला तेवढंच ऐकायचंय.

वडाचीसावली | १६ जानेवारी, रात्री १०.४५

पगाराचं स्पष्ट: माझा पहिला २००९ साली साडेसहा हजार होता, तोही तीन महिने थकलेला. त्या संस्थेची पाटी मोठी होती. आज नवीन एमएसडब्ल्यू झालेल्या मुलीला माझ्या ओळखीच्या संस्थांत साधारण तुझ्या लॅबइतकेच देतात. म्हणजे दोन वर्षं शिकून तू जिथे आहेस तिथेच येशील, हे घरी आत्ताच सांगून टाक. पाच-सात वर्षांनी, काम लिहिता-मांडता येत असेल तर बरा पगार मिळतो. नुसतं काम करता येत असेल आणि लिहिता येत नसेल तर मिळत नाही. हा अन्याय आहे, पण आहे.

पैसा कुठून येतो हे कळलं की बाकीचं कळतं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ मत्ता ५०० कोटी असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. नाशिकच्या कारखान्यांमुळे इथे हा पैसा फिरतो. पण कंपनीला मार्चअखेर आकडे हवे असतात: किती वह्या, किती झाडं, किती 'लाभार्थी'. बाईने नवऱ्यापुढे पहिल्यांदा तोंड उघडलं, याला एक्सेलमध्ये रकाना नाही. परदेशी देणगीचं म्हणशील तर २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चावर ५० ऐवजी २० टक्क्यांची मर्यादा आली आणि मोठ्या संस्थेला तो पैसा लहान संस्थेकडे वळवता येत नाही. लहान संस्थांचं कंबरडं मोडलं. आमच्याकडे दर मार्चला कार्यकर्त्यांचे चेहरे बघवत नाहीत. करार संपतो, पुढचं पत्र आलेलं नसतं, आणि आम्ही वस्तीत जाऊन बचतीचं महत्त्व सांगत असतो!

सरकारी: महिला व बालविकासमध्ये परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी (२००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा), समाजकल्याण अधिकारी, काकांसारखे समाजसेवा अधीक्षक. जागा थोड्या, जाहिरात कधी येईल भरवसा नाही, आणि प्रत्येक जाहिरातीत शैक्षणिक पात्रता नीट वाचायची. कंत्राटी जागा जास्त: जिल्हा बाल संरक्षण कक्ष, उमेद (बचतगटांचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), एड्स नियंत्रणाचे समुपदेशक. काम तेच, कागद अकरा महिन्यांचा. मानसिक आरोग्याकडे जायचं तर नुसतं एमएसडब्ल्यू पुरत नाही, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी पुढचं शिक्षण घ्यावं लागतं. त्या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलतेय, म्हणून त्या वर्षीची सूचना बघूनच ठरवायचं. रुग्णालयांत अवयव प्रत्यारोपण समन्वयक हीसुद्धा चांगली वाट आहे. मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांशी त्या घडीला बोलायचं म्हणजे काय, याची कल्पना कर. तिथे समाजकार्य शिकलेलं माणूस शोभतं.

आपल्या व्यवसायाला वकील-डॉक्टरांसारखी स्वतःची देशपातळीवरची परिषद नाही. त्यामुळे कुणीही उठून स्वतःला समाजकार्यकर्ता म्हणवतो आणि वॉर्डात फ्लेक्स लावतो. २०२१च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोसामाजिक कामाचा समावेश झालाय, तेवढीच आशा.

अंबडकर | १६ जानेवारी, रात्री ११.०५

फ्लेक्सवरचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

जुनंसीबीएस | १७ जानेवारी, सकाळी ७.००

पोट भरतं का, याला माझ्याकडून एवढंच: भरलं, पण बायको शिक्षिका होती. ज्यांच्या घरी दुसरा पगार नव्हता असे माझे दोन हुशार वर्गमित्र विमा विकायला गेले. हे न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आणि भाचीच्या आईंना सांगा, धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत राखीव असतात. हे माहीत असलेलं माणूस नात्यात एक तरी असावं. पगार नसला तरी फोन खूप येतात.

द्राक्षवेल | ९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

धागा वर काढतेय. मधल्या काळात तीन गोष्टी झाल्या.

वही बघितली. वडिलांच्या वहीत उचल मुकादमाच्या नावे एकरकमी आहे, एकराच्या उक्त्या दराने. टोळीतल्या बायकांना विचारलं तर एकीलाही तिचा रोज किती पडतो हे नक्की सांगता आलं नाही. "नवऱ्याला ठावं," म्हणाल्या. वडिलांना विचारलं तर ते चिडले. त्यांच्या मते त्यांनी दर कधीच कमी दिला नाही, आणि ते खरंही आहे. आतली वाटणी हा आपला विषय नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस अबोला होता.

मग काकांचं आठवून विरळणीच्या वेळी बायकांसोबत कामाला बसले. या वर्षीच्या टोळीत ती मुलगी नाही, दुसरी तीन लेकरं आहेत. पहिल्या दिवशी मी विचारलं, काही अडचण आहे का? "नाय, बरं हाय." दुसऱ्या दिवशीही तेच. मी मनात शाळेचं, अंगणवाडीचं घोकून ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलीपाशी बसले होते, काही विचारतही नव्हते, तेव्हा एक बाई आपणहून म्हणाली, "शेडाच्या मागं दिवा पायजे. रातच्याला बाहेर जावं लागतं आन् बिबट्या हिंडतो. पोरीला घेऊन तिघी-तिघी जातो."

बिबट्या गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या उसात दिसला होता. आम्ही घराभोवती दिवे वाढवले. शेड कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. वडिलांनी काही न बोलता मोटारीच्या खोलीतून वायर ओढून दोन दिवे लावले. संडासाचं अजून बोलणं चालू आहे.

आणि फॉर्म भरले. सीयूईटीचा जमला, नाशिकच्या प्रवेशाचं वेळापत्रक आलं की तिथेही भरणार. लॅबमध्ये जूनपर्यंत राहीन. मावशींना पगाराचं खरं खरं सांगितलं, त्यांनी आईला सांगितलं, आई रडली. वडाचीसावली ताई, तुम्ही म्हणालात म्हणून सांगितलं हं!

कोकणा_पोर | ९ फेब्रुवारी, रात्री १०.४०

दिवे लागले, बरं झालं. पण ते तुमची बाग म्हणून लागले. इथून ही टोळी ज्या बागेत जाईल तिथे दिवा कोण लावणार? तिथे तुमचे वडील नसतील. त्या बायका तिघी-तिघी जातात, म्हणजे त्या एकत्र आहेतच. मुकादमाला उचल घेतानाच 'शेड, दिवा, संडास' त्यांनी सांगितलं तर? असं ठरायला त्यांच्या गावात, दिवाळीच्या आधी बसावं लागतं. बागेत आल्यावर उशीर झालेला असतो.

शाळेचंही सांगतो. आईबाप जगायला गेले तरी मुलं गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि सोबत आलीच तर शिक्षण हमी कार्डावर इथल्या शाळेत बसवता येतात. दोन्ही कागदावर आहे. गावात कोणी मागे लागलं तर प्रत्यक्षात येतं.

वडाचीसावली | ९ फेब्रुवारी, रात्री ११.१०

द्राक्षवेल, तू वर जे लिहिलंस ना, वही, अबोला, चूल, दिवा, हे जसंच्या तसं तारखांसह वहीत उतरवून ठेव. मुलाखतीत 'समाजकार्यातच का?' हा प्रश्न येतोच आणि नव्वद टक्के मुलं 'मला लोकांची सेवा करायला आवडते' म्हणतात. तू वही काढ. फक्त 'मी दिवे लावले' असं लिहू नकोस, काकांचा लाल गोल पडेल.

जुनंसीबीएस | १० फेब्रुवारी, सकाळी ६.४५

पडेल.

द्राक्षवेल | २७ फेब्रुवारी, रात्री ८.५५

टोळी आज गेली, होळीला गावी. जाताना मुकादमाचा नाही, त्या बाईच्या पोरीचा मोबाइल नंबर घेतला. ती दहावीला आहे, आजीकडे राहते. बोलता बोलता कळलं की मागच्या वर्षीची ती अक्षरांवाली मुलगी यांच्याच शेजारच्या पाड्यावरची. या वर्षी तिची आई जगायला गेलीच नाही, बाळंत झाली. मुलगी घरी आहे. शाळेत जाते की नाही, यावर ती नुसती हसली.

कोकणा_पोर दादा, पाड्याचं नाव तुम्हाला निरोपात कळवलंय. तुमच्या भागातलं आहे का? मी एकटीने एकदम जाऊ नये असं वाटतंय.

कोकणा_पोर | २७ फेब्रुवारी, रात्री १०.१५

माझ्या गावापासून दोन डोंगर. होळीनंतरच्या शनिवारी मी तिकडेच आहे, ग्रामसभेच्या कामाला. ये. आधी त्या पोरीच्या आजीला फोन करून विचार की आलं तर चालेल का. ती हो म्हणाली तरच निघ. वही आण, चॉकलेटं आणू नकोस.